चोक काढला की इंजिन बंद पडतं, सायलेन्सरमधून ऑइल येतं: यात दुखणी दोन आहेत

दादा, तुमची अडचण मला समजली ती अशी. द्राक्षबागेत फवारणीच्या एचटीपी पंपाला जोडलेलं साडेपाच एचपीचं फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिन तुम्ही मार्चअखेर दिंडोरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवलं. टाकीत अर्धं पेट्रोल तसंच होतं. ऑक्टोबर छाटणी तोंडावर आली म्हणून सप्टेंबरमध्ये छोट्या हत्तीत आडवं टाकून सिन्नरला चुलतभावाच्या प्लॉटवर नेलं. तिथे दोरी ओढली तर अडकली. जोर लावल्यावर सुटली, पांढऱ्या धुराचा लोट आला आणि सायलेन्सरमधून ऑइल गळायला लागलं. आता ते चोकवरच चालतं, चोक काढला की दोनदा खोकून गप्प. मेकॅनिक म्हणतो कार्बुरेटर बदला, पिस्टन-रिंगही गेली असेल. आणि तुम्ही विचारताय, एवढा खर्च करायचा की नवीनच घ्यायचं?

माझं मत आधी सांगतो: बहुतेक दोन्हीची गरज नाही. पण आधी एक गाठ सोडवावी लागेल. तुम्ही आणि मेकॅनिक दोघंही याला एकच बिघाड समजताय. ऑइल आणि धूर ही वाहतुकीतली भानगड आहे. चोकवरच चालणं ही सहा महिने पडून राहण्याची भानगड आहे. दोन्ही एकाच दिवशी दिसल्या म्हणून एकमेकींशी जोडल्या गेल्या, आणि त्यातूनच 'रिंग गेली'पर्यंत गोष्ट पोचली. मार्चमध्ये नीट चालणाऱ्या इंजिनाची रिंग शेडमध्ये उभ्या उभ्या झिजत नाही. ओल शिरून गंजली तर चिकटू शकते, ते खरं, पण तशी चिन्हं वेगळी असतात. ती पुढे सांगतो.

हेही कबूल करतो की लांबून सांगताना काही गोष्टी तुमच्या इंजिनावर अवलंबून आहेत. कंपनीप्रमाणे जेटची (म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक भोकाच्या पितळी तुकड्याची) जागा बदलते, ऑइलचं माप थोडं बदलतं. टू-स्ट्रोक असतं तर निम्मं उत्तर वेगळं झालं असतं. इथे मी बागेत सगळीकडे दिसणारं, आडव्या शाफ्टचं, खाली वाटी असलेल्या कार्बुरेटरचं साधं फोर-स्ट्रोक इंजिन धरून चाललोय.

आधी ऑइलचं बघू, कारण ते सोपं आहे. या इंजिनात ऑइल तळात मोकळं असतं, पंपाने कुठे दाबून पाठवलेलं नसतं. सिलेंडर तिरका बसवलेला असतो. इंजिन प्लगच्या बाजूला कललं की ऑइल पिस्टनच्या मागे जमतं आणि रस्त्याच्या धक्क्यांनी रिंगांच्या फटीतून हळूहळू पुढे, हेडमध्ये जातं. शिवाय इंजिनाचा श्वास बाहेर टाकणारी एक नळी एअर फिल्टरच्या डब्याला जोडलेली असते. त्या वाटेनेही ऑइल फिल्टरमध्ये उतरतं. दिंडोरीहून सिन्नर म्हणजे अख्खं नाशिक ओलांडून जायचं. तेवढा वेळ इंजिन आडवं पडलं तर ऑइलला भरपूर सवड मिळाली.

पिस्टन वर येताना हवा दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही. म्हणून दोरी अडकली. अशा वेळी जोर लावायचाच नाही. दोरी तुटते, रिकॉइलचे (दोरी परत गुंडाळणाऱ्या भागाचे) दात मोडतात, आणि नशीब वाईट असेल तर त्याहून महागाचं काही वाकतं. कुणाचीही दोरी अशी अडकली तर स्विच बंद करा, पेट्रोलचा कॉक बंद करा, प्लग काढा, प्लगच्या भोकावर फडकं धरा आणि दोरी सावकाश ओढत राहा. ऑइल फडक्यात येईल. तोंड त्या भोकासमोर नको. ऑइल येणं थांबलं की प्लग पुसून, सुकवून परत लावा. तुमच्या इंजिनात बरंचसं ऑइल आता जळून किंवा सायलेन्सरमधून बाहेर पडून गेलंय. सायलेन्सरच्या आत चिकटलेलं राहिलंय, ते तापल्यावर धूर करणारच. इंजिन नीट लोडवर पाच-दहा मिनिटं चाललं की धूर विरत जायला हवा.

आता डिपस्टिक काढा आणि तिचा वास घ्या. हे लोक करत नाहीत. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल किंवा पातळी भरली होती त्याहून वर दिसत असेल, तर वाहतुकीत कॉक उघडा राहिला होता. गाडीच्या हादऱ्यांनी कार्बुरेटरमधली फ्लोटची सुई (वाटी भरली की पेट्रोलची वाट बंद करणारी) नाचते, पेट्रोल तिच्या बाजूने सरकत सिलेंडरमध्ये आणि तिथून ऑइलमध्ये उतरतं. असं पातळ झालेलं ऑइल घेऊन इंजिन चालवलं तर मग खरोखरच पिस्टन-रिंगचं काम निघतं. वास असो वा नसो, आडव्या पडलेल्या इंजिनाचं ऑइल मी सगळं काढून टाकतो. लागतं फक्त अर्धा-पाऊण लिटर, या आकाराच्या बऱ्याच इंजिनांना ०.६ लिटर. १०डब्ल्यू-३० ग्रेडचं ऑइल घाला, इंजिन सपाट जागेवर ठेवा आणि डिपस्टिक आटे न फिरवता नुसती टेकवून पातळी बघा. ऑइल कमी झालं की स्पार्क तोडणारा सेन्सर बऱ्याच मॉडेलांत असतो. बांधावर तिरकं ठेवलेलं इंजिन 'सुरूच होत नाही' म्हणून लोक माझ्याकडे उचलून आणतात आणि दुकानाच्या फरशीवर ठेवलं की ते पहिल्या दोरीला सुरू होतं.

एअर फिल्टरही उघडा. कागदाचा फिल्टर ऑइलने भिजला असेल तर बदला, तो धुऊन सुधारत नाही. स्पंज असेल तर साबणाच्या पाण्यात धुवा, सावलीत पूर्ण सुकवा, स्वच्छ ऑइलचे चार थेंब लावून घट्ट पिळा आणि बसवा.

वाहतुकीचा हिशेब इथे मिटला. आता पडून राहण्याचा.

चोकवर चालतं आणि चोक काढला की बंद पडतं, याचा अर्थ नीट लक्षात घ्या. चोक म्हणजे हवा कमी करणारी पाती. हवा अडवल्यावर चालतं म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, हवेच्या मानाने. फिल्टर तुंबला असता तर उलटं झालं असतं: चोक उघडल्यावरही काळा धूर आणि प्लगवर काजळी. स्पार्क कमजोर असता तर चोकने एवढा स्पष्ट फरक पडला नसता. म्हणजे शोध एकाच वाटेवर घ्यायचा, टाकीपासून जेटपर्यंत.

त्या वाटेवर काय झालं असेल? कार्बुरेटरच्या वाटीत जेमतेम काही चमचे पेट्रोल असतं आणि तिला हवेसाठी भोक असतं. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली काय तापतं ते तुम्हाला माहीत आहे. पेट्रोलमधला हलका, लवकर पेट घेणारा भाग आधी उडून जातो. उरलेलं हवेशी मिळून घट्ट होत जातं. वाटी उघडलीत की तळाला काकवीसारखा चिकट तपकिरी थर दिसेल आणि जुन्या व्हार्निशचा वास येईल. हाच थर जेटच्या भोकातही बसतो. मेन जेटचं भोक एक मिलीमीटरहूनही बारीक असतं, मंद चालीचं पेट्रोल देणाऱ्या पायलट जेटचं त्याहून. तिथे कागदाच्या जाडीचा लेप बसला तरी पुरे.

आता त्यात इथेनॉलची भर पडली. २०२३ पासून पंपांवर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल यायला लागलं आणि २०२५ पर्यंत ते जवळपास सगळीकडे पोचलं. रोजच्या मोटरसायकलीत पेट्रोल टिकतच नाही, भरलं की संपतं. सहा महिने टाकीत बसणाऱ्या इंजिनाची गोष्ट वेगळी. इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. ओल एका हद्दीपलीकडे गेली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन खाली बसतात आणि पेट्रोल वर राहतं. इंजिनाला पेट्रोल जातं ते खालून. त्यातून पितळेच्या जेटवर आणि कार्बुरेटरच्या अंगावर पांढरट-हिरवट भुकटी चढते, जुने रबरी पाइप आणि ओ-रिंग फुगतात. पूर्वीच्या पेट्रोलवर सुरू करून रॉकेलवर चालवायच्या पंपांची सवय असलेली माणसं म्हणतात, 'आमचं तर वर्षभर पडून राहायचं, काही होत नव्हतं.' तेव्हाचं इंधन आणि आताचं इंधन एक नाही, एवढंच त्यांना सांगतो.

तुमच्या टाकीतलं पेट्रोल एका पारदर्शक काचेच्या बरणीत काढा आणि थोडा वेळ न हलवता ठेवा. उघड्यावर, विडी-काडी लांब ठेवून. तळाशी वेगळा थर किंवा पाण्याचे गोळे दिसले तर ते पेट्रोल कशातच वापरू नका. विहिरीकडे, पाटाकडे तर बिलकुल ओतू नका. थर नसला पण रंग गडद आणि वास आंबूस असला तरी या इंजिनात परत घालू नका.

मग कार्बुरेटर. कॉक बंद करा. कॉकखाली छोटी गाळाची वाटी असेल तर तीही काढा, तिच्यात गंजाची माती हमखास असते. पाइप काढून कॉक क्षणभर उघडा आणि धार बघा. अखंड धार यायला हवी. थेंब थेंब येत असेल तर टाकीचं झाकण सैल करून परत बघा. झाकणाचं हवेचं भोक बुजलं असेल तर सैल केल्यावर धार सुधारते. इंजिन सुरू होऊन पंधरा-वीस मिनिटांनी बंद पडतं आणि थोड्या वेळाने परत चालू होतं, अशी तक्रार असते तिथेही मी आधी झाकणच सैल करून बघतो. कॉइलवर संशय नंतर.

खालची वाटी एका बोल्टवर असते, बहुतेक दहाच्या पान्याचा. ती काढल्यावर मधल्या खांबात मेन जेट दिसेल. त्याच्या खाचेत घट्ट बसेल असाच स्क्रूड्रायव्हर घ्या, पितळेची खाच सैल पान्याने बोथट झाली की मग जेट निघत नाही. जेटमागे बारीक आडव्या भोकांची एक नळी असते. बरेच जण जेट साफ करतात आणि ही नळी तशीच ठेवतात, मग म्हणतात साफ करूनही फरक नाही. दोन्ही काढा. पायलट जेट बहुधा वरच्या बाजूला, आयडलच्या स्क्रूखाली असतो. तोही काढा, कारण तोच सगळ्यात आधी बुजतो.

जेट उजेडासमोर धरा. भोक गोल, स्वच्छ दिसलं पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर अजून लेप आहे. साफ करायला कार्बुरेटर क्लीनरचा स्प्रे आणि वायरीतली तांब्याची एक बारीक तार. सुई, पिन, स्टीलची तार घालू नका. पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी इंजिन कायमचं जास्त पेट्रोल प्यायला लागतं. डोळ्यांवर चष्मा लावा, स्प्रे दुसऱ्या भोकातून सरळ डोळ्यात येतो. शेवटी पंक्चरवाल्याकडच्या हवेच्या पाइपने सगळी भोकं फुंकून घ्या, फक्त त्याआधी फ्लोट आणि सुई काढून बाजूला ठेवा.

परत बसवताना वाटीची ओ-रिंग फुगून मोठी झालेली असेल, खाचेत बसणार नाही. ताणून-दाबून बसवू नका, बदला. कार्बुरेटर आणि हेड यांच्यामध्ये गॅस्केटं आणि काळा बेकलाइटचा तुकडा असतो, तो चिरलाय का बघा. नवं पेट्रोल घाला, सुरू करा. यानंतर चोक काढल्यावर चालतंय पण आवाज वर-खाली होतोय, म्हणजे वेग सांभाळणारा गव्हर्नर सतत पळापळ करतोय, तर पायलट जेट अजून पूर्ण मोकळा नाही किंवा त्या बेकलाइटपाशी हवा घुसतेय. पुन्हा उघडायची तयारी ठेवा. दुसऱ्या खेपेला साफ होणारे कार्बुरेटर मी नेहमी बघतो.

प्लगचं थोडक्यात: गॅप ०.७ ते ०.८ मिलीमीटर. स्पार्क बघायचा असेल तर प्लग इंजिनाच्या धातूला टेकवून दोरी ओढा, पण प्लगच्या भोकापासून आणि सांडलेल्या पेट्रोलपासून लांब. बरेचदा ओढूनही प्लग कोरडा निघाला तर पेट्रोल येत नाही. ओला निघाला तर पेट्रोल येतंय, स्पार्क बघा. दोरी ओढताना हाताला उलटा झटका बसत असेल तर मॅग्नेटची (दोरीमागच्या जड चाकाची) चावी, म्हणजे ते चाक जागेवर धरणारा छोटा तुकडा, तुटून टायमिंग सरकलंय का ते मेकॅनिककडून बघून घ्या. तुमची दोरी जोराने सुटली होती, म्हणून हे लिहिलं.

म्हणजे क्रम असा ठेवा: जुनं पेट्रोल बाहेर, ऑइल आणि फिल्टर बदल, धार बघणं, कार्बुरेटर साफ, नवं पेट्रोल, मग सुरू करणं. याच्या आधी रिंगचं नाव काढायचं नाही.

आता पुढच्या वेळी न्यायचं कसं. इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच गाडीत चढवा. कॉक बंद. टाकी शक्यतो रिकामी. उभंच ठेवा, खाली रबराचा तुकडा किंवा जुनं पोतं टाका आणि पट्टा लोखंडी फ्रेमवरून घ्या. टाकी, सायलेन्सर, कार्बुरेटर यांवरून दोरी आवळू नका. गाडीत जागा नाही म्हणून कलवायचंच झालं तर प्लगची बाजू वर येईल असं कलवा आणि पोचल्यावर सरळ ठेवून तास-दोन तास थांबा. बंद डिकीत पेट्रोल भरलेलं इंजिन ठेवून कसारा घाट उतरू नका, वाफ गाडीत भरते.

पेट्रोल वेगळं न्यायचं असेल तर प्लास्टिकच्या कॅनऐवजी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्यात विक्रीसाठी नसलेलं पेट्रोल ३० लिटरपर्यंत परवान्याशिवाय बाळगता येतं, पण ते काच, चिनीमाती किंवा धातूच्या बंद भांड्यात, आणि धातूचं भांडं २५ लिटरपर्यंतचं. प्लास्टिक त्यात येत नाही. एसटीत किंवा रेल्वेत पेट्रोल भरलेलं इंजिन न्यायचा विचारही करू नका.

ठेवण्याचं मात्र गावागणिक बदलतं. सिन्नर-येवल्याकडची कोरडी हवा आणि इगतपुरी-त्र्यंबककडचा पाऊस यांना एक नियम लावता येत नाही. महिनाभर थांबणार असेल तर कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा, म्हणजे वाटी रिकामी होते. मला एवढं पुरेसं वाटतं. त्याहून जास्त, आणि मध्ये पावसाळा येत असेल, तर टाकी रिकामी करा आणि वाटीचा तळाचा स्क्रू सैल करून राहिलेले थेंबही काढा. काही जण गंज येऊ नये म्हणून टाकी गच्च भरून ठेवायला सांगतात. इथेनॉल नसतं तर मीही तेच सांगितलं असतं. आता मी टाकी रिकामी करून आत दोन चमचे ऑइल फिरवून घेतो.

प्लग काढून भोकात चमचाभर ऑइल सोडा, दोरी दोन-तीनदा सावकाश ओढा, प्लग लावा. मग दोरी जड लागेल तिथे सोडून द्या. त्या जागी दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात, ओली हवा आत जात नाही. इगतपुरी बाजूला रिंग चिकटलेली इंजिनं येतात त्यांतल्या बहुतेकांत एवढंच केलेलं नसतं.

वरून प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो. सुती पोतं टाका आणि जमिनीपासून उंच, फळीवर ठेवा. खताच्या गोण्यांशेजारी नको, गंज लवकर धरतो. सायलेन्सरचं तोंड फडक्याने बंद करा. कुंभारमाशी तिथे चिखलाचं घर करते, बोटाएवढ्या गोल नळ्या एकाला एक चिकटवून, आणि छाटणीनंतर इंजिन सुरू झालं तरी दम घेत नाही. उंदीर दोरीच्या जाळीतून आत शिरून मॅग्नेटवर गवत-कापसाचं घरटं करतात. हवा खेळणं बंद होतं आणि इंजिन तापून जातं. सुरू करण्याआधी जाळीतून टॉर्च मारून बघायचं, पाच मिनिटांचं काम. फडकं काढायला विसरू नका, हेही ओघाने आलं.

तुमचा शेवटचा प्रश्न, मेकॅनिकचं ऐकायचं का. रिंगचा संशय तेव्हा घ्या, जेव्हा ऑइल बदलून, फिल्टर बदलून, अर्धा तास लोडवर चालवूनही निळसर धूर थांबत नाही, किंवा दोरी ओढताना दाब लागतच नाही, हात सैल जातो. दाब लागत नसेल तर आधी व्हॉल्व्हचं अंतर तपासायला सांगा. या वर्गातल्या बऱ्याच इंजिनांना थंड असताना हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हला ०.१५ आणि धूर बाहेर टाकणाऱ्याला ०.२० मिलीमीटर लागतं. त्याला फिलर गेज (अंतर मोजायच्या पातळ पट्ट्या) लागतो, हेड काढावं लागत नाही. छाटणीनंतर पोंग्यापासून (कोवळ्या फुटीपासून) डाउनी या बुरशीरोगाच्या फवारण्या सुरू झाल्या की तुम्हाला एक दिवसही इंजिन बंद परवडणार नाही, म्हणून हे सगळं छाटणीच्या आधीच उरकून घ्या.

आणि कार्बुरेटर बदलायचाच झाला, म्हणजे आतून भुकटीने खड्डे पडलेत किंवा सुईची बैठक खराब होऊन पेट्रोल सतत ओसंडतंय, तर बाजारात डुप्लिकेट स्वस्तात मिळतात. बसतात सगळे, चालत नाहीत सगळे. जुना सोबत घेऊन जा, जेटवरचा आकडा जुळवून घ्या, आणि गॅस्केटं व बेकलाइटचा तुकडा त्याच वेळी नवे टाकून घ्या.